परिसरातील सुरक्षा बैठकीत मुद्दा कसा मांडावा आणि पुढच्या बैठकीपर्यंत कसा टिकवावा

परिसराच्या सुरक्षेविषयीच्या पहिल्याच बैठकीत मी दहा मिनिटे बोललो. संध्याकाळनंतर रस्त्यावर अंधार असतो, टवाळखोर कोपऱ्यावर बसलेले असतात, वाहने बेफाम जातात, मुलींना एकटे पाठवण्याची सोय राहिलेली नाही, असे मनात साठलेले सारे एका दमात सांगून टाकले. लोकांनी माना डोलावल्या, समोरच्या अधिकाऱ्यांनी ‘नोंद घेतली आहे’ असे सांगितले आणि मी समाधानाने घरी आलो. महिन्याभराने त्या बैठकीचे इतिवृत्त हाती पडले, त्यात माझ्या दहा मिनिटांच्या वाट्याला एकच ओळ आली होती: ‘एका रहिवाशाने परिसरातील सुरक्षेबाबत चिंता व्यक्त केली.’ लिहिणाऱ्यावर रागावण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण चिंतेपलीकडे मी त्याच्या हाती खरोखरच काही दिले नव्हते.

त्यानंतरच्या बैठकांत जे शिकलो ते इथे क्रमाने मांडत आहे. बैठकीत बोललेली गोष्ट पुढच्या बैठकीपर्यंत जिवंत राहायची असेल, तर तिला नेमकी जागा, वेळ, जबाबदार माणूस आणि उत्तराची तारीख जोडावी लागते, आणि त्यासाठीचे बरेचसे काम सभागृहाबाहेर, आधी आणि नंतर करावे लागते.

बैठक कोणाची आहे ते आधी पाहावे

सुरक्षेच्या नावाने भरणाऱ्या सगळ्या बैठका सारख्या नसतात, आणि चुकीच्या दारी नेलेला रास्त मुद्दाही वाया जातो. पोलीस ठाण्याच्या किंवा बीटच्या (ठाण्याच्या हद्दीतील गस्तीच्या छोट्या भागाच्या) पातळीवरची बैठक चोऱ्या, छेडछाड, नशेबाजी आणि गस्त यांसाठी असते. बंद पथदिवे, वाढलेली झुडपे, उघडी गटारे आणि ओस पडलेल्या इमारती हा बहुतेक ठिकाणी पालिकेचा विषय असतो. वाहनांचा वेग आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा यांसाठी वाहतूक पोलीस आणि रस्ते विभाग असे दोघेही लागतात, तर आग आणि पूर यांची तयारी अग्निशमन व आपत्ती व्यवस्थापनाकडे असते. म्हणून सूचना हाती आली की बैठक कोणी बोलावली आहे आणि समोर बसणाऱ्यांपैकी निर्णय घेण्याचा किंवा खर्च मंजूर करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विचारून घ्यावे. तसा अधिकार असलेले कोणी येणार नसेल तरीही जावे. फक्त मग ‘हे काम करा’ अशी मागणी करण्याऐवजी ‘हा मुद्दा संबंधित कार्यालयाकडे लेखी पाठवा आणि पाठवलेल्या पत्राची प्रत आम्हाला द्या’ अशी मागणी करावी, कारण तेवढे समोर बसलेला कनिष्ठ अधिकारीही करू शकतो.

अशा बैठकांना जाताना आपण कोणाची मेहेरबानी घेत आहोत असे वाटून घेण्याचे कारण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या कायद्याने प्रत्येक वस्तीत रहिवासी आणि पोलीस यांच्या नियमित बैठका घेण्याची जबाबदारी पोलीस प्रमुखांवरच टाकली आहे. शिकागो शहरात 1993 साली पाच पोलीस जिल्ह्यांमध्ये बीट बैठकांसह सामुदायिक पोलीसकामाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो साऱ्या शहरात नेण्यात आला. भिवंडीत 1984 ची भीषण दंगल होऊन गेल्यावर, 1988 साली तिथे आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी रहिवासी आणि पोलीस यांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, तेव्हा त्याचे मोठे श्रेय या समित्यांना दिले गेले. या तिन्ही ठिकाणची व्यवस्था वेगळी आहे, परंतु त्याच त्या माणसांनी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा समोरासमोर बसणे हा भाग समान आहे. एखादी घटना घडल्यावर भरणारी मोठी सभा राग व्यक्त करण्यासाठी ठीक असते, पण काम होते ते पंधरा-वीस माणसांच्या कंटाळवाण्या नियमित बैठकीत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. चालू असलेल्या घटनेची खबर बैठकीसाठी राखून ठेवू नये. ती त्याच क्षणी आणीबाणीच्या क्रमांकावर द्यावी. घडून गेलेल्या गुन्ह्याची रीतसर तक्रारही वेगळी नोंदवावी, कारण बैठकीत सांगितलेला गुन्हा नोंदलेल्या गुन्ह्यांत धरला जात नाही. ‘आमच्याकडे चोऱ्या वाढल्या आहेत’ असे आपण म्हणावे आणि अधिकाऱ्यांनी कागद उलटून ‘तुमच्या भागात गेल्या तीन महिन्यांत एकही चोरी नोंदलेली नाही’ असे शांतपणे सांगावे, हा प्रसंग मी पाहिला आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. सायकली गेल्या होत्या, पण तक्रार द्यायला कोणीच गेले नव्हते.

दोन आठवड्यांची वही

तयारीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे एक साधी वही. तिच्यात तारीख आणि वार, वेळ, नेमकी जागा, काय दिसले, ते किती वेळ चालले आणि कोणाला कळवले, एवढेच लिहावे. ‘रस्त्यावर अंधार असतो’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. तेच ‘शाळेच्या मागच्या भिंतीलगतच्या गल्लीत खांब क्रमांक 41, 42 आणि 43 यांवरचे दिवे 3 तारखेपासून बंद आहेत, 40 आणि 44 चालू आहेत’ असे लिहून दिले, की विद्युत विभागाच्या माणसाला तारेचा दोष कोणत्या टप्प्यात शोधायचा हेही कळते. पथदिव्यांच्या खांबांवर बहुधा क्रमांक रंगवलेले असतात, आणि वर्षानुवर्षे त्याच रस्त्याने जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी ते वाचलेले असतात. माझ्या गल्लीतले क्रमांक मी स्वतः विजेरी घेऊन वाचले, त्यात एका खांबाचा क्रमांक जाहिरातीच्या कागदाखाली गेलेला निघाला.

वहीत पाहिलेले लिहावे, ओळखलेले किंवा गृहीत धरलेले लिहू नये. ‘गुंड बसतात’ हा निष्कर्ष आहे. ‘शुक्रवारी रात्री नऊ ते साडेदहा चार-पाच जण पायऱ्यांवर होते, सकाळी सहा रिकाम्या बाटल्या दिसल्या’ हे निरीक्षण आहे, आणि गस्तीची वेळ ठरवणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. ज्या दिवशी काहीच घडले नाही तेही लिहावे. यात प्रामाणिकपणा आहेच, शिवाय सोयही आहे: चौदा दिवसांपैकी चारच रात्री त्रास झाला आणि त्या चारही शुक्रवार-शनिवारच्या निघाल्या, तर रोजच्या गस्तीची अशक्य मागणी करण्याऐवजी आठवड्यातून दोन रात्री, ठरावीक दीड तासाची मागणी करता येते आणि ती मान्य होण्याची शक्यता कितीतरी वाढते.

वाहनांच्या वेगाबद्दलची तक्रार तर मोजल्याशिवाय नेऊच नये. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेने टेपने किंवा मोजलेल्या दोरीने 100 मीटर अंतर आखावे, दोन्ही टोकांना ठळक खुणा ठरवाव्यात, आणि वाहन पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत जाते ते मोबाइलवरच्या घड्याळाने मोजावे. 360 ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: 12 सेकंद लागले तर वेग 30, साडेसातच्या जवळ लागले तर 48, आणि 6 सेकंद लागले तर 60. हे काम दोघांनी, पदपथावर उभे राहून, दिवसाउजेडी करावे आणि मनाला येईल ते वाहन न निवडता सलग 50 वाहने मोजावीत, नाहीतर नजर आपोआप जोरात जाणाऱ्यांकडेच वळते. बैठकीत हे आकडे ठेवताना एवढेच सांगावे की ताशी 50 किलोमीटरने जाणारे वाहन दर सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे सरकते, म्हणजे चालकाला मूल दिसून त्याचा पाय ब्रेककडे वळेपर्यंतच ते एवढे अंतर कापून गेलेले असते. हाताने मोजलेल्या वेगावर दंड आकारता येणार नाही हे खरे, परंतु रस्ते विभागाने आपले यंत्र आणून आठवडाभर मोजणी करावी ही मागणी त्या 50 नोंदींच्या बळावर नक्की करता येते.

रहिवाशाजवळ असे काही तपशील असतात जे कोणत्याही कार्यालयातून दिसत नाहीत. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या वसाहतीत 1980 च्या दशकाच्या मध्यात घरफोड्या फार वाढल्या होत्या. चोरी झालेल्या कुटुंबांशी, त्यांच्या शेजाऱ्यांशी आणि पकडलेल्या चोरांशीही सविस्तर बोलल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. घरांमध्ये वीज आणि गॅससाठी नाणी टाकून चालणारे मीटर होते आणि चोरांना त्यांतली रोकड हवी होती. दुसरे म्हणजे, एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका इतर घरांहून बराच जास्त होता. त्यानुसार ते मीटर बदलण्यात आले, चोरी झालेल्या घरांची कुलुपे लगेच मजबूत करण्यात आली, आणि त्या घराभोवतीच्या मोजक्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे कबूल केले. पुढच्या काही महिन्यांत तिथल्या घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. साऱ्या वसाहतीत गस्त वाढवण्याचा आग्रह धरत बसले असते, तर नाण्यांचा मीटर कोणाच्या ध्यानात आला असता असे मला वाटत नाही. आपल्या वहीतही असा एखादा मीटर दडलेला आहे का, हे शोधावे: कुलूप न लागणारे फाटक, भिंतीवर चढायला सोपी पडणारी कचरापेटी, किंवा बसथांब्याकडचा रस्ता अडवणारे झुडूप.

शक्य असेल तर बैठकीआधी एकदा सगळ्यांनी मिळून अंधार पडल्यावर परिसराची पाहणी करावी. टोरंटोतील मेट्रॅक या संस्थेने 1989 साली महिलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने अशा पाहणीची पद्धत घालून दिली आणि नंतर ती अनेक देशांत वापरली गेली. पाच-सहा जणांनी, ज्यांत त्या रस्त्याने खरोखर ये-जा करणाऱ्या महिला असायलाच हव्यात, हळूहळू चालत जावे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून तेच प्रश्न विचारावेत. समोरून येणाऱ्याचा चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो? वळणापलीकडचे दिसते का? हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल? इथून निघून जायला दुसरी वाट आहे का? एका पाहणीत मी दर वेळी ‘ठीक आहे’ असे म्हणत होतो आणि सोबतच्या दोन मुली दर वेळी ‘नाही’ म्हणत होत्या. कागदावर त्यांचे उत्तर लिहिले गेले, ते योग्यच झाले.

कोण आलेले नाही

शिकागोतील बीट बैठकांचा अभ्यास वेस्ली स्कोगन या संशोधकाने बरीच वर्षे केला. गुन्हेगारीचा त्रास अधिक असलेल्या वस्त्यांतले लोक तिथे मोठ्या संख्येने येत होते, ही त्यात आढळलेली चांगली गोष्ट. मात्र येणाऱ्यांत वयाने मोठे आणि स्वतःचे घर असलेले लोक जास्त होते, तर तरुण, भाडेकरू आणि नव्याने आलेले स्थलांतरित कमी होते. हे चित्र बहुतेक बैठकांत दिसते आणि त्याचा परिणाम निर्णयांवर होतो. ज्यांच्याविषयी बोलले जाते ती कोपऱ्यावरची मुले सभागृहात नसतात, आणि रात्रपाळीहून पहाटे परतणारी परिचारिका, जिला त्या बंद दिव्याचा सर्वांत जास्त त्रास होतो, तिची बैठकीच्या वेळी झोपेची वेळ असते.

म्हणून जाण्यापूर्वी अशा दोन-तीन जणांना मुद्दाम भेटावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. नाव सांगायची त्यांची तयारी नसेल तर नाव न घेता वाचून दाखवावे. बैठकीची वेळ, जिने चढण्याची अडचण, लहान मुले सोबत आणण्याची मुभा आणि चर्चेची भाषा हे मुद्देही मांडण्यासारखे आहेत. एखादी बैठक सकाळी आणि पुढची रात्री ठेवावी, ही मागणी खर्चाची नसल्यामुळे सहसा कोणी अडवत नाही. एकटे जाण्यापेक्षा चार जणांनी जावे, पण चौघांनी तेच बोलू नये. एकाने मुद्दा मांडावा, दुसऱ्याने नोंदी दाखवाव्यात, तिसऱ्याने अधिकाऱ्यांचे उत्तर शब्दशः लिहून घ्यावे, आणि चौथ्याने घड्याळाकडे व अध्यक्षांकडे लक्ष ठेवावे.

बैठकीपूर्वी एक आठवडा

विषयपत्रिकेवर नसलेला मुद्दा ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात जातो, आणि तोवर लोक खुर्च्या सरकवू लागलेले असतात. त्यामुळे आठवडाभर आधी एका पानाचे निवेदन बैठक बोलावणाऱ्या कार्यालयात द्यावे, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच जपून ठेवावी. निवेदनात एकच विषय असावा, मागणी शेवटी न ठेवता पहिल्या परिच्छेदात लिहावी, आणि सोबत वहीतील नोंदींची प्रत व जागेचा हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा. छायाचित्रे जागेची द्यावीत. माणसांचे चेहरे आणि वाहनांचे क्रमांक त्यांत दिसू देऊ नयेत. ज्या विभागाकडे काम आहे त्याच्या प्रतिनिधीला बोलावण्याची विनंतीही याच पत्रात करावी, कारण ‘हे आमच्याकडे येत नाही’ या उत्तरावर वाया गेलेल्या बैठका मी मोजायचे सोडून दिले आहे.

तीन मिनिटांत काय सांगावे

प्रत्यक्ष बोलण्यासाठी तीन मिनिटे मिळतील असे धरून चालावे आणि घरी एकदा मोठ्याने वाचून पाहावे. मला उपयोगी पडलेला मसुदा असा आहे: ‘मी शाळेमागच्या गल्लीतील खांब क्रमांक 41 ते 43 यांच्या दरम्यानच्या अंधाराबद्दल बोलत आहे. हे दिवे 3 तारखेपासून बंद आहेत. या काळात आमच्या नोंदीनुसार रात्री आठ ते दहा या वेळेत पाठलागाचे दोन प्रसंग घडले, दोन्ही कळवलेले आहेत. पाहणीचा कागद सोबत आहे. आमची मागणी अशी की दिवे कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार हे आज सांगावे, आणि तोपर्यंत शुक्रवार-शनिवारी रात्री नऊनंतर गस्तीची एक फेरी या गल्लीतून जावी.’ एवढे एका मिनिटात होते. उरलेली दोन मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी राहतात आणि त्यांची गरज पडतेच.

काही गोष्टी मात्र मोकळ्या सभेत अजिबात बोलू नयेत. कोणावर संशय असेल तर त्याचे नाव भर बैठकीत घेऊ नये. संशय चुकीचा निघाला तर एका माणसाचे आयुष्य विनाकारण बिघडते, आणि खरा निघाला तर तो सावध होतो. अशी माहिती अधिकाऱ्यांना बैठकीनंतर एकांतात द्यावी. अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असा कोणताही तपशील, अगदी इमारतीचे नावसुद्धा, देऊ नये. कोणाचे घर दिवसभर बंद असते, कोण एकटे राहते, हेही सभेत सांगायचे नसते. ‘बाहेरचे लोक’, ‘अनोळखी चेहरे’ अशा शब्दांतल्या तक्रारींविषयीही सावध राहावे. माणूस अनोळखी असणे हा गुन्हा नाही, आणि या शब्दांआडून कित्येकदा विशिष्ट समाजाच्या, भाषेच्या किंवा पेशाच्या लोकांकडे बोट दाखवले जाते. एखाद्याने केलेली कृती सांगता येत नसेल, तर मांडण्याजोगी तक्रार अजून आपल्या हाती आलेली नाही असे समजावे. बैठकीत दुसरे कोणी तसे बोलू लागले तर ‘त्यांनी नेमके काय केले, केव्हा आणि कुठे?’ असे सौम्यपणे विचारावे. चर्चा बहुतेक वेळा तेवढ्यावर ताळ्यावर येते.

मिळणाऱ्या उत्तरांना पुढचा प्रश्न

हर्मन गोल्डस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने 1979 साली पोलीसकामाविषयी लिहिलेल्या एका प्रसिद्ध लेखाची सुरुवात बससेवेच्या तक्रारीने केली होती. थांब्यावर रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांना न घेता चालक हसत, हात हलवत निघून जातात, अशी ती तक्रार होती. तिला मिळालेले उत्तर असे, की प्रवासी घेण्यासाठी थांबत बसले तर वेळापत्रक पाळता येत नाही. पोलीस यंत्रणाही आपल्या कामाच्या पद्धतीत गुंतून मूळ प्रश्न विसरते, हे त्यांना दाखवायचे होते. बैठकीत ‘गेल्या महिन्यात आम्ही 60 फेऱ्या मारल्या’ असे सांगितले जाते तेव्हा मला ती बस आठवते. अशा उत्तरावर भांडू नये. फेऱ्यांबद्दल आभार मानावेत आणि ‘त्यांपैकी किती फेऱ्या आम्ही दिलेल्या वेळेत झाल्या, आणि त्यानंतर त्या जागेवरच्या तक्रारी कमी झाल्या का?’ असे विचारावे.

‘मनुष्यबळ कमी आहे’ हे दुसरे नेहमीचे उत्तर, आणि ते पुष्कळदा खरेच असते. त्यावर माणसे न लागणारा उपाय पुढे करावा. प्रत्येक घटनेत ती करणारा, जिला झळ पोचते ती व्यक्ती किंवा वस्तू, आणि जागा, असे तीन घटक असतात. आपण बैठकीत बहुतेक वेळ करणाऱ्याविषयीच बोलतो, तर जागेत बदल करणे कितीतरी सोपे असते. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक गृहवसाहतींपैकी काही सोडतीने निवडून तिथे 2016 साली तात्पुरते प्रखर दिवे लावण्यात आले आणि त्यांची तुलना दिवे न लावलेल्या वसाहतींशी करण्यात आली. रात्रीच्या वेळी उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. प्रत्येक गल्लीत तेवढाच फरक पडेल असा त्याचा अर्थ नाही, पण ‘दिव्यांनी काय होणार’ असे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तो आधार पुरेसा आहे. सीसीटीव्हीची मागणी करताना मात्र थोडे थांबून विचार करावा: चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि कोणाच्या खिडक्या त्यात दिसणार, या प्रश्नांची उत्तरे न घेता बसवलेले कॅमेरे वर्षभरात नुसते खांबावर लटकलेले दिसतात.

‘पाहतो’, ‘कळवतो’, ‘कार्यवाही चालू आहे’ या उत्तरांवर एकच प्रश्न विचारावा: ‘कोण, आणि कधीपर्यंत?’ आवाज न चढवता तो दोनदा विचारला की बहुतेक वेळा एखादे पदनाम आणि एखादी तारीख मिळते. मिळालेले उत्तर अध्यक्षांना उद्देशून आपणच मोठ्याने पुन्हा सांगावे, ‘म्हणजे कनिष्ठ अभियंता 20 तारखेपर्यंत तीन दिवे सुरू करणार, असे इतिवृत्तात यावे ही विनंती.’ इतिवृत्त लिहिणाऱ्यालाही यामुळे सोपे जाते, कारण वाक्य त्याला तयारच मिळते.

इतिवृत्त हाती येईपर्यंत आणि त्यानंतर

बैठकीनंतर दोन दिवसांत अध्यक्षांना आणि संबंधित अधिकाऱ्यांना आठ-दहा ओळींचे पत्र किंवा ईमेल पाठवावा. आभार मानून, काय ठरले, कोणी करायचे आणि केव्हापर्यंत, एवढेच त्यात लिहावे आणि ‘यात काही चूक असल्यास कळवावे’ असे शेवटी म्हणावे. कोणी काही कळवले नाही तर पुढच्या वेळी हेच पत्र उपयोगी पडते. इतिवृत्त आल्यावर आपला मुद्दा त्यात कसा आला आहे ते शब्दशः तपासावे, आणि तो गळला किंवा बदलला असेल तर पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येतो तेव्हाच दुरुस्ती सुचवावी. तो विषय पहिल्या दोन मिनिटांत आटोपतो, त्यामुळे उशिरा पोचणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

काम झाले तर तेही लिहून कळवावे. दिवे लागल्याची तारीख वहीत टिपावी आणि आणखी दोन आठवडे त्याच रकान्यांत नोंदी ठेवाव्यात. अमेरिकेतील न्यूपोर्ट न्यूज शहरातील कामावर आधारित, 1987 साली मांडलेली एक पद्धत पोलीसकामात बरीच रूढ आहे: प्रश्न हेरणे, त्याचे विश्लेषण करणे, उपाय करणे आणि शेवटी परिणाम तपासणे. यातली शेवटची पायरी सर्वांत आधी गळते, कारण उपाय झाला की फाईल बंद करण्याची घाई सगळ्यांनाच असते. त्रास त्या गल्लीतून पुढच्या गल्लीत सरकला आहे का, हे तर तिथे राहणारेच सांगू शकतात.

तारीख उलटूनही काहीच झाले नाही तर लगेच आंदोलनाची भाषा करू नये, पण गप्पही बसू नये. आधी त्याच अधिकाऱ्याला पोचेच्या प्रतीसह स्मरणपत्र द्यावे, मग त्याच्या वरिष्ठांना, आणि नंतर लोकप्रतिनिधींना. माहिती अधिकाराचा कायदा जिथे लागू आहे तिथे, निवेदनाच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, त्यावर कोणती कार्यवाही झाली याच्या नोंदींच्या प्रती मागाव्यात. ‘कार्यवाही का केली नाही’ असे विचारण्यापेक्षा कागद मागणे अधिक फलदायी ठरते, कारण त्या कायद्यांखाली मागता येते ती कार्यालयात असलेली माहिती, कारणमीमांसा नव्हे. कार्यालयातली माणसे बदलतात, नवा अधिकारी येतो आणि त्याला आधीचे काहीच ठाऊक नसते, हेही गृहीत धरावे. त्यासाठी निवेदन, पोच, इतिवृत्त आणि पत्रे एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावलेली असावीत आणि ती फाईल कुठे आहे हे एकापेक्षा जास्त जणांना माहीत असावे.

माझ्या बाबतीत ते तीन दिवे लागायला तीन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीला मी फाईल उघडण्याआधीच अभियंत्यांनी समोरचा कागद उचलला आणि ‘41 आणि 42 सुरू झाले, 43 ची तार बदलावी लागेल, शनिवारपर्यंत होईल’ असे वाचून दाखवले. शनिवारी रात्री मी खाली जाऊन पाहिले, तेव्हा 43 लागला होता आणि 40 बंद पडला होता. तो वहीत लिहिला, वेळ आठ वाजून दहा मिनिटे.